कंपनीचा 'सेवा शनिवार': भिंत रंगवणं सोडून काय करता येईल?

टेकडीवरचा

मंडळी, एक सल्ला हवाय, आणि थोडी चिडचिड पण आहे, दोन्ही एकाच धाग्यात उरकतो.

आमची कंपनी हिंजवडीत आहे, नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही कारण सगळीकडे हेच चालतं. दरवर्षी पावसाळा संपला की एचआरचा मेल येतो, समाजाचं देणं फेडूया वगैरे, मग एका शनिवारी दोन बस भरून आम्ही एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जातो, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, भिंत रंगवायची, मुलांना खाऊ द्यायचा, बॅनर धरून फोटो, चारच्या आत परत कारण नंतर चांदणी चौकात अडकतो. यंदा हे सगळं ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिला मी नव्हतो, म्हणूनच पडलं.

तर मागच्या वेळी रंग द्यायच्या आधी पॉलिश पेपरने भिंत घासत होतो, तर पोपडा निघाला आणि खाली दुसऱ्याच कंपनीचा लोगो. त्याच्याही खाली अजून एक थर. पाढे तेच, पाण्याचं चक्र तेच, बेडूकही तोच, फक्त आमचा बेडूक जरा जाड. आणि शेजारच्या वर्गात छतातून ओल येऊन अख्खा कोपरा काळा पडलेला, मुलं बाक सरकवून दुसऱ्या बाजूला बसलेली. मी विचारलं की हे का नाही करत, तर उत्तर आलं ते आपल्या स्कोपमध्ये नाही.

यंदा साधारण ऐंशी लोक येतील, एक दिवस आणि थोडंफार बजेट आहे. समोर आलेले पर्याय म्हणजे परत भिंत, झाडं लावणं, नाहीतर दप्तरात वह्या भरणं. ज्यांच्याकडे आमच्यासारख्या बस येतात त्यांनी खरंखरं सांगा, काही बरं करता येतं का की जेवणाचे पैसे तेवढे संस्थेला देऊन घरी झोपावं?

झणझणीत

बेडूक जाड झाला म्हणजे ग्रोथ आहे. तिमाहीच्या प्रेझेंटेशनमध्ये टाका, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी.

खडूस_माणूस

झोपा. सिरियसली. हे सगळं कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या रंगीत पानासाठी असतं. आणि एवढंच समाजाचं देणं आहे तर लांबच्या शाळेत कशाला जाता? ऑफिसच्या गेटबाहेर बघा की. पार्क एमआयडीसीचा, आजूबाजूची गावं ग्रामपंचायतींची, तुमच्यामुळे तिथे टॉवर उभे राहिले, टँकर सुरू झाले, भाडी वाढली, कचरा वाढला. त्याचं काय? तिकडे टीशर्ट घालून कोणी जात नाही कारण तिथे फोटो चांगला येत नाही.

सीए_काका

धागाकर्ते, आधी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय ती सोडवू.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हे कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक काही असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के त्याच कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये यादी दिलेल्या समाजोपयोगी कामांवर खर्च करायचे. ते पैसे आहेत. तुमचा शनिवार त्यात येतच नाही. कर्मचाऱ्यांनी फुकट दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाने हा खुलासा केव्हाच केलाय. वस्तू देऊन तिची किंमत लावणंही चालत नाही, म्हणजे कंपनीचे जुने कॉम्प्युटर शाळेला दिले आणि अमुक लाख लिहिले, असं नाही. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, जाहिराती हे एकदाच होणारे प्रकार २०१४ च्याच परिपत्रकात बाहेर काढलेत. आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्याचा खर्च तर मुळातच धरत नाहीत.

खडूसराव, तुमच्या मुद्द्याला कायद्यात आधार आहे बरं का. कंपनी जिथे काम करते त्या भागाला आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कलमातच लिहिलंय. फक्त ते प्राधान्य आहे, सक्ती नाही, त्यामुळे कोण किती मनावर घेतं ते बघताच आहात.

एचआरवाली

आला का सगळा राग एचआरवर. मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. आमच्या वरचे विचारतात की एकूण किती तास झाले आणि किती टक्के लोक सहभागी झाले. अमेरिकेतून एक डॅशबोर्ड येतो, त्यात इंडियाचा रकाना लाल दिसला की फोन येतो. ऐंशी जणांचे एका शनिवारचे सहा सहा तास एका झटक्यात भरतात. तेच चार लोक वर्षभर एका शाळेत गेले तर काम मोठं होतं पण टक्केवारी हलत नाही. म्हणून भिंत. भिंतीला कौशल्य लागत नाही, कुणाला इजा होत नाही, संध्याकाळपर्यंत काहीतरी झालेलं दिसतं.

आणि हो, त्या बसमधून पहिल्यांदा शाळेत गेलेली काही मुलं नंतर स्वतःहून जायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे सगळं थोतांड म्हणू नका प्लीज.

एकशिक्षकी

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, पुणे जिल्हाच. पट तिसाच्या आत, शिक्षक दोन, त्यातला एक बऱ्याचदा ऑनलाइन माहिती भरण्यात नाहीतर केंद्रावर मीटिंगला. मला लिहायचं नव्हतं पण बेडूक वाचून राहवलं नाही.

साहेब, रंग वाईट नाही. आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान येतं १० हजार. त्यात खडू, झाडू, हजेरीपुस्तकं, वीजबिल, नळाची तोटी, सगळं. रंग कुठून आणणार? त्यामुळे कोणी रंगवून दिलं तर आम्ही हार घालतो, खरंच मनापासून घालतो. पण ओल आलेल्या भिंतीवर ऑइल पेंट मारलात की पुढच्या जूनमध्ये फुगे येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे. आधी पत्रे नाहीतर स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, मग भिंत वाळू द्या, मग रंग. हे गावातला गवंडीही सांगेल. पण वॉटरप्रूफिंग करताना ऐंशी लोक छतावर चढू शकत नाहीत, म्हणून ते कोणी करत नाही. वर एचआरवाली मॅडमनी जे लिहिलंय त्यावरून मला आज कळलं की असं का होतं.

दुसरं कॉम्प्युटरचं. एका कंपनीने दहा नग दिले होते. डेटाच्या नियमामुळे हार्डडिस्क काढलेल्या. वर्गात एकच प्लग पॉइंट, अर्थिंग नाही, सीपीयूला हात लावला की झिणझिण्या. बिल थकलं तेव्हा मीटर काढून नेला होता तो काळ वेगळाच. शेवटी ती खोली कुलपात आणि दर तपासणीला मला त्या दहा नगांचा हिशोब द्यावा लागतो कारण ते जडसंग्रह रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढलेत, निर्लेखन करायचं, म्हणजे नोंदीतून काढायचं तर प्रस्ताव पाठवा, मग वरून कोणी बघायला येणार. फुकटची वस्तू आमच्याकडे अशी सांभाळावी लागते.

आणि एक हात जोडून विनंती, यायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांना विचारलं तर छत, शौचालयाचं पाणी, कंपाउंड असंच सांगतील, बेडूक कोणी सांगणार नाही.

झणझणीत

मास्तर, बेडकाचा विनोद मागे घेतो. बाकी चालू द्या.

गवताळ

झाडांचा पर्याय आला म्हणून लिहितो. टेकडीवर जून जुलैत खड्डा खणून रोप लावणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम नोव्हेंबर ते मे, पाणी घालणं, आळं करणं, वणव्याच्या दिवसात आग पसरू नये म्हणून जाळपट्टा काढणं. त्या महिन्यांत एकही बस येत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी वनीकरण म्हणून गिरिपुष्प हे परदेशी झाड एवढं लावलंय की खाली दुसरं काही धड येत नाही, आणि बऱ्याच टेकड्या मुळात गवताळ माळ आहेत, तिथे जंगल करायला जाणं हेच चुकीचं. तुमच्या ऐंशी जणांना झाडं लावायचीच असतील तर न लावता आधी लावलेल्यांना मार्च एप्रिलमध्ये पाणी घाला. फोटो भकास येईल.

श्रमदानाचं म्हणाल तर पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या काळात १ मेला शहरातली हजारो माणसं गावोगाव पाणी मुरवणारे समतल चर खणायला गेली होती. ते बऱ्यापैकी जमलं याचं कारण गावातली माणसं आधी शिकून आलेली, कुठे किती रुंद किती खोल खणायचं याची फक्की मारून ठेवलेली, आणि शहरातले गेले नसते तरी गाव दुसऱ्या दिवशी खणणारच होतं. पाहुण्यांवर काम अवलंबून नव्हतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

वही_खतावणी

मी एका लहान संस्थेत हिशोब बघते, वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका आहे. धागाकर्ते, तुम्ही खरंखरं विचारलंत म्हणून खरंखरं सांगते, रागावू नका.

तुमच्यासारखी बस यायची असली की आमचा आठवडा जातो. जागा बघा, परवानगी काढा, साहित्य आणा, ऐंशी माणसांना पुरेल एवढं काम *तयार करा*, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, त्यात कोणीतरी आयत्या वेळी म्हणतं आमच्या व्हीपींना मुलांशी संवाद साधायचाय. मुलं त्या दिवशी अभ्यासाला नाही, स्वागताला बसतात. हे म्हणजे घरचं कार्य नसताना वऱ्हाड उतरण्यासारखं आहे. आणि नाही म्हणता येत नाही, कारण त्याच कंपनीकडे आमचा निधीचा अर्ज पडलेला असतो.

बरं अर्ज मंजूर झाला तरी काय मिळतं? टॅब मिळतात, दप्तरं मिळतात, बोर्ड मिळतो. पगार मिळत नाही. आमच्या ताई संध्याकाळी चार तास मुलांना शिकवतात, त्यांचं मानधन मागितलं की उत्तर येतं, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नियमात बसत नाही. म्हणजे शिकवणारी बाई हा प्रशासकीय खर्च आणि टॅब हा प्रकल्प. टॅब काय स्वतःच उठून शिकवणार आहे?

सीए_काका

ताई, थांबा थांबा. हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल त्यांनी नियम अर्धा वाचलाय.

५ टक्क्यांची मर्यादा *कंपनीच्या स्वतःच्या* सीएसआर विभागाच्या सामान्य व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, मंत्रालयाच्या २०२१ च्या प्रश्नोत्तरांत हे स्वच्छ लिहिलंय. एखादा ठराविक प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर लक्ष ठेवणं यासाठी थेट झालेला खर्च प्रशासकीय धरायचाच नाही. अभ्यासिका हा प्रकल्प असेल तर तिथे शिकवणाऱ्याचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. जागेचं भाडंही, जर ती जागा त्याच कामासाठी असेल. पुढच्या वेळी त्यांना लेखी विचारा की कुठल्या नियमाखाली नाकारताय.

तुमच्याकडे सीएसआर-१ ची, म्हणजे सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांची मंत्रालयाकडची नोंदणी आहे ना? १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी संस्थेमार्फत पैसे खर्चू शकत नाही. १२ए (संस्थेची करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराची करवजावट) सुद्धा बघून घ्या.

अजून एक, तीन वर्षांपर्यंतचा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घेतलात तर त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्यावरच खर्चता येते. नाहीतर मार्च आला की घाईघाईत दप्तरं वाटतात ना, ते याचमुळे.

वही_खतावणी

काका, सीएसआर-१ आहे, १२ए ८०जी सगळं आहे. हे ५ टक्क्यांचं मला खरंच आज कळतंय, आणि आम्हाला हे एकानेच नाही, बऱ्याच जणांनी तोंडावर सांगितलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. उद्याच आमच्या बाईंना दाखवते.

सिएटलकर_सई

उशिरा आले धाग्यावर, आमच्याकडे सकाळ झाली. मी रेडमंडजवळ राहते, नवरा मायक्रोसॉफ्टमध्ये, त्यामुळे इथलं जे जवळून बघते ते लिहिते, तुलना करायची म्हणून नाही.

इथे १९८३ पासून कर्मचाऱ्यांची देणगी मोहीम चालते, ऑक्टोबरमध्ये जोर असतो. कर्मचाऱ्याने संस्थेला दिलं की कंपनी तेवढेच घालते, वर्षाला १५,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत, आणि संस्थेत जाऊन काम केलंत तर तासाला २५ डॉलर कंपनी त्या संस्थेला देते. यात मला आवडतं ते असं की संस्था कर्मचारी निवडतो. कोणी मांजरांच्या निवाऱ्यात जातं, कोणी फूड बँकेत, कोणी मराठी शाळेत. त्यामुळे बस भरून एकाच दारात उतरायची वेळ कमी येते. आणि तासाला पैसे जोडलेले असल्याने संस्थेलाही माणूस आल्याचा ताप होत नाही, सोबत थोडा निधी येतो.

पण मला सांगायचंय ते टील्स या शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायच्या कार्यक्रमाबद्दल. केविन वँग म्हणून एक इंजिनिअर, आधी शाळेत शिक्षक होता, मग मायक्रोसॉफ्टमध्ये आला. २००९ मध्ये त्याने इथल्या एका हायस्कूलमध्ये ऑफिसला जायच्या आधी सकाळच्या पहिल्या तासाला कॉम्प्युटर सायन्स शिकवायला सुरुवात केली. शाळांकडे तो विषय शिकवणारं कोणी नव्हतं. नंतर कंपनीनेच तो कार्यक्रम आपला केला. पद्धत अशी की दोन तीन इंजिनिअर *वर्षभर* त्याच वर्गात जातात, शाळेचा शिक्षक सोबत असतो, पहिल्या वर्षी इंजिनिअर शिकवतात आणि शिक्षक शिकतो, हळूहळू उलटं होत जातं आणि मग इंजिनिअरांची गरज संपते. माझ्या ओळखीत एक जण जातो, तो सांगतो कोडिंग येणं वेगळं आणि पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोरांसमोर लूप समजावणं वेगळं. सुरुवातीला आधी त्यालाच ट्रेनिंग घ्यावं लागलं.

खडूस_माणूस यांचा मुद्दा इथेही आहेच हो. कंपन्या वाढल्या, घरभाडी गगनाला भिडली, शिक्षक आणि नर्स यांना गावात राहणं परवडेना. मग जानेवारी २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने परवडणाऱ्या घरांसाठी ५०० दशलक्ष डॉलर जाहीर केले. पण त्यातले बहुतेक कर्जाऊ, म्हणजे परत येणारे, दान फक्त २५ दशलक्ष, बेघरांच्या कामासाठी. कर्जाऊ असले तरी घरं बांधायला ते लागतातच, पण बातमीत आकडा एकच दिसतो.

खडूस_माणूस

सईताई, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावतो.

बाकी तासाला २५ डॉलर ही आयडिया आपल्याकडे आणली तर मी पण झोप सोडून येईन. म्हणजे पैसे मला नको, संस्थेलाच जाऊ देत, पण कंपनीला माझ्या शनिवारची किंमत मोजावी लागली की ती बेडूक रंगवून घेणार नाही.

एचआरवाली

भारतात काही कंपन्यांत मॅचिंग आहे, पगारातून दरमहा कापून द्यायचं पण आहे. अडचण अशी की नवीन कररचनेत ८०जी ची वजावट मिळत नाही, मग लोक विचारतात आम्हाला काय. आणि परदेशी पॅरेंट कंपनीने थेट मॅच करायचं तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घ्यायची सरकारी नोंदणी लागते.

सिएटलकर_सई

एफसीआरए चा अनुभव आम्हालाही आहे. माझ्या माहेरच्या गावातल्या छोट्या वाचनालयाला द्यायचं होतं, नाही जमलं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर परदेशी निधीचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढायचं आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचं नाही. म्हणजे मोठ्या संस्थांकडेच पैसे जातात. भावाच्या खात्यातून त्याच्या नावाने दिले शेवटी, मॅच अर्थातच गेलं.

गवताळ

मोठ्यांकडेच जातात हे सीएसआरलाही लागू आहे. राज्यवार बघितलं तर महाराष्ट्र सगळ्यात वर असतो, पण ते मुंबई पुण्याच्या आसपास साचतं. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेले जिल्हे म्हणून केंद्राने राज्यातले जे चार धरलेत, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव, तिकडे बस जात नाही कारण शनिवारी जाऊन शनिवारी परत येता येत नाही.

टेकडीवरचा

एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आज मॅनेजर आणि एचआरसमोर मांडलं, वर एचआरवालींनी जे लिहिलंय ते वापरूनच मांडलं, म्हणजे डॅशबोर्ड हिरवा कसा राहील ते आधी सांगितलं आणि मग बाकीचं.

ठरलेलं असं. ऐंशी जणांचा शनिवार रद्द होत नाहीये, पण शाळेत जाणार नाही. ऑफिसमध्येच बसून संस्थांची कामं करायची, वही_खतावणी तुमच्यासारख्यांची, म्हणजे देणगीदारांच्या एक्सेल शीट साफ करणं, दुहेरी नोंदी काढणं, वेबसाइटची मराठी पानं नीट करणं, असलं. यातलं आम्हाला येतं तरी. पण कामं आधी तुम्ही ठरवायची, आम्ही तयार करून मागणार नाही. तास तेवढेच भरतात.

बस आणि टीशर्टचे पैसे वाचतात ते छताला. मॅनेजरने विचारलं यात ब्रँडिंग कुठे. मी म्हटलं स्लॅबवर लिहू, गुगल मॅपवरून दिसेल. हसला आणि हो म्हणाला, बहुतेक मेलवर पण हो म्हणेल.

आणि सहा जण तयार आहेत वर्षभर आठवड्याला एकदा दोन दोन करून शाळेत यायला. मास्तर, तुमची शाळा हिंजवडीपासून किती लांब आहे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ते दहा कॉम्प्युटर खरंच बघायचेत, हार्डडिस्क घालून त्यातले चार पाच उठतील असं वाटतंय.

वही_खतावणी

आमच्याकडे पाच वर्षांच्या पावत्या आहेत, अर्ध्या हाताने लिहिलेल्या. घाबरणार नसाल तर पाठवते. फक्त देणगीदारांचे पॅन नंबर आहेत त्यात, त्यामुळे फाइल मेलवर फिरवू नका, तुमचा एकच माणूस जबाबदार ठरवा आणि लेखी द्या.

सीए_काका

बरोबर. लेखी घ्याच. आणि टेकडीवरचा, छताचा खर्च सीएसआरमधून करताय की एचआरच्या बजेटमधून, ते आत्ताच ठरवा. सीएसआरमधून असेल तर समितीची आणि बोर्डाची मंजुरी, वार्षिक कृती आराखड्यात नोंद. नंतर मार्चमध्ये मला फोन करू नका.

एकशिक्षकी

व्यनि केलाय. छतासाठी आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्यांचं पत्र लागेल, ते मी बघतो, तुमचा गवंडी परस्पर पाठवू नका. काम दिवाळीच्या सुट्टीत झालं तर बरं, मुलं नसतात.

येणाऱ्यांसाठी, शनिवार नको. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, तुम्ही पोचेपर्यंत मुलं घरी. गुरुवारी दुपारी दोननंतर या. पाचवीचा वर्ग आहे, गणित चालेल. अर्थिंगसाठी येताना वायरमन घेऊन या, तो खर्च आमच्याकडे नाही. आणि खाऊ आणू नका.